गागोद्याचा विन्या

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून दे, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हिशेबाची वही सोडली तर हातात लेखणी धरण्याचा प्रसंग फारसा येत नाही. पण त्याच सुमारास आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि माझ्या मनाने विनोबांचेच नाव घेतले.

गोष्ट अशी की, आमचा धाकटा मुलगा पदविकेचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून घरी आला. त्यात आपले मन नाही, आपल्याला सुतारकाम शिकायचे आहे, असे तो म्हणाला. ह्यांनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. मी दोघांची ताटे वाढीत होते आणि रात्री कुंडलिकेच्या बाजूने येणारा वारा ऐकत जागी राहत होते. मनाचा कौल म्हणतात तो कोणता आणि नुसता कंटाळा कोणता, हे आईने ओळखावे तरी कसे?

विनोबा तर आपल्या शेजारचेच. पेण तालुक्यातील गागोदे हे त्यांचे गाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा तेथे जन्म झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. विनायक नरहरी भावे हे त्यांचे पूर्ण नाव, पण आई त्यांना विन्या म्हणे. वडील बडोद्याला नोकरीस होते, त्यामुळे विन्याचे लहानपण आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्याजवळ गेले. रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाची खरी शाळा त्यांच्याच स्वयंपाकघरात भरली. घरी फणस पिकला की गरे आधी शेजारच्या घरांत वाटायचे आणि मग आपण खायचे, हा त्यांचा नियम असे. ती वाटणी विन्याच्या हातून होई. पुढे ज्याने हजारो गावांत जाऊन भूमीची वाटणी मागितली, त्याचा पहिला धडा हा असा गागोद्याच्या अंगणातला होता.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजून त्या वाहत. वडील हिशेबी गृहस्थ. एका तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि थोडे जास्तच तांदूळ घालावेत, म्हणजे काम झटपट होईल, असे त्यांनी सुचविले. आईला उत्तर सुचेना. तिने मुलाला विचारले, तेव्हा विन्याने सांगितले की, हा नुसता गणिताचा प्रश्न नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, ती वजनाने कशी व्हावी? आपण भाताच्या मुलखातल्या बायका. तांदूळ निवडताना मन कुठे असते ते आपल्याला ठाऊक आहे. मोजण्यात वेळ जातो खरा, पण त्यात माणूस घडतो.

पुढे सारे कुटुंब बडोद्यास गेले. मुलाने रसायनशास्त्रात नाव काढावे असे वडिलांना वाटे. त्यांनी त्याला शाळेत फ्रेंच भाषा घ्यावयास लावली. मुलाचा ओढा मात्र संतांकडे आणि संस्कृतकडे. लहान वयातच त्याने ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता. तो जमिनीवर निजे, उन्हात अनवाणी चाले, गादी वापरीत नसे. एके दिवशी आई चुलीपाशी असताना त्याने कागदांची गुंडाळी करून आगीत धरली. आईने विचारले तर म्हणाला, ही माझी प्रमाणपत्रे आहेत. आज लागत नसली तरी राहू देत, असे ती म्हणाली. पण ज्या वाटेला जायचेच नाही त्या वाटेची शिदोरी कशाला जपायची, असा त्याचा विचार होता. चुलीतले ते कागद पाहून त्या माउलीला काय वाटले असेल, ते या दिवसांत मला उमगले.

मार्च 1916 मध्ये तो इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला. सुरतेला गाडीतून उतरला, वडिलांना पत्राने कळविले आणि काशीची गाडी धरली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. एक ओढ हिमालयाच्या शांतीची आणि दुसरी बंगालच्या क्रांतीची. काशीत तो अन्नछत्रात जेवे आणि ग्रंथ वाची. तेथेच महात्मा गांधींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. त्याने पत्र लिहून शंका विचारल्या. समक्ष येऊन आश्रमातले जीवन पाहा, असे गांधीजींनी कळविले. 7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. त्या वेळी गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी या पंडिताच्या हातीही सुरी दिली! आयुष्यात कधी भाजी न चिरलेला हा मुलगा तेथे बसला आणि कायमचा त्यांचा झाला. शांती आणि क्रांती दोन्ही एके ठिकाणी सापडल्या, आणि त्याही भाजीच्या ताटाजवळ. आपण ज्याला रोजचे राबणे म्हणतो, त्यातच त्याला वाट मिळाली.

येथे मी थोडी थांबले. मनाने कौल दिला आणि सारे आपोआप झाले, असे नव्हे. आश्रमात विनोबा दळू लागले, विणू लागले, संडास साफ करू लागले. एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शिकले, पायी हिंडले आणि ठरल्या दिवशी परत आले. 1921 मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात गेले. किती सूत निघते आणि मजुराला किती मिळते, हे स्वतःच्या हातांनी अजमावण्यासाठी ते तासन् तास कातीत. पुढे पवनारला असताना कितीतरी महिने रोज चालत सुरगावला जाऊन त्यांनी भंगीकाम केले. आणि हे करीत असताना त्यांनी अनेक भाषा शिकून घेतल्या, कुराणाचाही अभ्यास केला. हात, बुद्धी आणि हृदय ही तिन्ही त्यांनी बरोबरीने वाढविली.

आईला ते विसरले नाहीत. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. त्यांचे एक लुगडे विनोबा पुष्कळ वर्षे उशाला घेत. संस्कृत गीता कळत नाही आणि मराठीतली टीकाही अवघड जाते, तर तूच सोपी करून का लिहीत नाहीस, असे आईने एकदा त्यांना सुचविले होते. आई गेल्यावर बारा वर्षांनी त्यांनी गीताई लिहावयास घेतली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली.

1940 साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांनाच निवडले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारताच रामचंद्र रेड्डींनी 100 एकर दिली, आणि भूदानाचा जन्म झाला. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते पायी हिंडले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून नोंदली गेली. तिच्यातली पुष्कळ कागदावरच राहिली, हेही खरे. आणीबाणीच्या काळात त्यांच्यावर टीकाही झाली. थोर माणसाचेही सगळेच साधते असे नाही.

25 मार्च 1959 रोजी त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. तेथे स्त्रियांनी एकत्र राहून, श्रम करून, अध्यात्माचा अभ्यास करावा अशी त्यांची योजना होती. नोव्हेंबर 1982 मध्ये दुखण्यात त्यांनी अन्न आणि औषध सोडले आणि दिवाळीच्या दिवशी, 15 नोव्हेंबरला, देह ठेवला.

हे सारे वाचून मी मुलाला काय सांगितले? प्रमाणपत्रे जाळायला नक्कीच सांगितले नाही. मी म्हटले, बाबा, विनोबांना कौल मिळाला खरा, पण त्यांनी तो रोजच्या कामाने पारखून घेतला. तू एक वर्ष सुताराकडे जा, सांगेल ते काम कर आणि वर्षाच्या शेवटी ठरल्या दिवशी घरी येऊन आम्हांला सांग. हेही काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची आपल्या वडिलांची जुनी करवत काढून ओटीवर ठेवली. मुलगा आता रोज सकाळी डबा घेऊन जातो. परवा त्याच्या बोटाला पटाशी लागली. पट्टी बांधून तो पुन्हा गेला, तेव्हा मला थोडा धीर आला. वर्ष अजून पुरे व्हायचे आहे.

भगिनींनो, आपल्या मुलांच्या वाटा आपण मापाने मोजून देऊ पाहतो. रुक्मिणीबाईंनी एकेक दाणा मोजला आणि मुलाला मोकळे सोडले. मला एवढे जमेल की नाही, सांगता येत नाही. लिहिण्यात काही चुकले असेल तर आपलीच समजून पोटात घाला.

— मंडळाची एक सभासद, अष्टमी