‘नाही’ ऐकलेली गर्ट्रूड

इंटर्नशिपसाठी मेल टाकून ‘सॉरी’ ऐकून वैतागलात? मग गर्ट्रूड एलियनला भेटा. जन्म १९१८, न्यूयॉर्क. ती १५ वर्षांची असताना आजोबा कॅन्सरने गेले आणि तिनं केमिस्ट्री धरली. १९व्या वर्षी डिग्री हातात. पण मुलगी म्हणून लॅबचे दरवाजे बंद! अखेर १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीनं घेतलं. पीएचडी राहिली ती राहिलीच.

तिच्या टीमचं असायक्लोव्हिर हर्पिसच्या विषाणूला डीएनएच्या साखळीत खोटी कडी देतं. साखळी पुढे वाढतच नाही. पण मज्जापेशींत झोपलेला विषाणू डीएनए बनवतच नाही, म्हणून औषधातून निसटतो आणि पुन्हा उठतो. घोड्यांचे हर्पिस विषाणूही असेच दडून बसतात.

१९८८ मध्ये नोबेल, १९९९ मध्ये ती गेली. मग, पुढचा मेल कधी टाकताय?