प्लेगची लस शोधणारे हाफकिन

प्लेग हा रोग आपण कोणी पाहिला नाही. पण माझ्या आजीला तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, की प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. या प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची माहिती मी लिहीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे झाला. हे शहर तेव्हा रशियात होते, आता ते युक्रेन देशात आहे. ते ज्यू धर्माचे होते. ते दवाखान्यातले डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्र शिकले होते. पाण्याच्या थेंबात जे बारीक जीव असतात, त्यांच्याही अंगात राहणारे आणखी बारीक परजीवी असतात. त्यांचा त्यांनी अभ्यास केला.

पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे त्यांना पहिल्यांदा पुस्तकं सांभाळायचं काम मिळालं. ते काम करून ते प्रयोग करत. त्यांनी पटकीची म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि हजारो लोकांना त्यांनी ती लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. आधी घरातले उंदीर पटापट मरायचे. मेलेल्या उंदरावरची पिसू माणसाला चावायची. मग काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस जायचा. लोक मुंबई सोडून पळाले. तेव्हा हाफकिन मुंबईला आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

लस कशी केली ते ऐका. मटणाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. त्यावर तुपाचे थेंब टाकायचे, म्हणजे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. मग ते तापवून मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण आपलं शरीर त्यांना ओळखायला शिकतं. तीन महिने त्यांनी रात्रंदिवस काम केलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लससुद्धा आधी स्वतःलाच टोचून घेतली. खूप ताप आला, पण ते बरे झाले. मग दुसऱ्यांना टोचली.

त्याच वर्षी १० मार्चला आपल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच वारल्या. लस निघून तेव्हा दोनच महिने झाले होते. हे समजल्यावर मला फार वाईट वाटलं.

लोक सुईला घाबरत. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि आपला बंगला प्रयोगशाळेला दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला जुन्या सरकारी बंगल्यात गेली.

पण १९०२ मध्ये मोठं संकट आलं. पंजाबात मुल्कोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली. त्यातली १९ माणसं धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं. खरं म्हणजे ती १९ माणसं एकाच बाटलीतली होती. बाकीच्या बाटल्यांतल्या लोकांना काही झालं नव्हतं. ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळला नव्हता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मुंबईहून निघाली तेव्हा बाटली चांगली होती. पण हे सिद्ध व्हायला पाच वर्षं लागली. हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मला वाटतं, आधी बाटल्या मोजल्या असत्या तर एवढ्या भल्या माणसाला त्रास झाला नसता.

तरी ते रागावून बसले नाहीत. परत भारतात आले आणि कलकत्त्यात काम करू लागले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असं नाव दिलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मित्रांनो, शाळेत लस टोचायला ताई आल्या की पुष्कळ मुलं संडासाचं निमित्त करून पळतात. हाफकिन यांनी तर कोणी न टोचलेली लस आधी स्वतःला टोचली. म्हणून पळू नका. आणि पालकांनो, सुई नवी आहे ना, एवढं जरूर बघा.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे कोटी कोटी प्रणाम.

इयत्ता ४ थी