कामठीचा पोलीस, बिहारचे कैदी

लॉ करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला विचारा, पीआयएलची सुरुवात कुठून झाली? ती बहुतेक 'हुसैनारा खातून केस' असं उत्तर देईल. पण त्या केसमागे एक पोलीस अधिकारी होता आणि तो आपल्या कामठीचा, हे तिलाही ठाऊक असेलच असं नाही.

खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म १९१६, नागपूरजवळच्या कामठीत, पारशी घरात. १९३८ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, ते पोलीस सेवेत आले. पुढचा बायोडेटा वेब सिरीजला पुरेल असा. पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी, मग मध्य प्रदेशचं पोलीसप्रमुखपद आणि चंबळचे डाकू. 'शोले'तलं गब्बरसिंग हे नाव मुळात एका खऱ्या डाकूचं होतं. १९५९ मध्ये पोलिसांनी त्याला टिपलं, तेव्हा तिथले पोलीसप्रमुख रुस्तमजीच. १९६५ मध्ये बीएसएफ उभी राहिली, तिचेही पहिले प्रमुख तेच. हे मुद्दाम सांगतेय. कारण 'दयाळू पोलीस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी मऊ, बिचारा माणूस येतो. हे तसे अजिबात नव्हते.

पण मला त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते ती वर्दी उतरवल्यानंतरची. १९७७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सदस्य होते. त्या निमित्ताने ते बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे शेकडो अंडरट्रायल होते, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले लोक. त्यातल्या कित्येकांवरचा आरोप सिद्ध झाला असता, तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त वर्षं ते आधीच आत होते! जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, बाहेर विचारणारं कुणी नाही. काही बायकांवर तर आरोपच नव्हता. कुणी साक्षीदार, कुणी स्वतःच गुन्ह्याची बळी. 'संरक्षण' म्हणून त्यांना तुरुंगात ठेवलेलं.

रुस्तमजींना हे सगळं आयोगाच्या अहवालात टाकून मोकळं होता आलं असतं. त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये लेख लिहिले. ज्या व्यवस्थेत आयुष्य काढलं, तिच्याबद्दलच, अगदी उघडपणे.

ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या. कैदी त्यांच्या ना नात्याचे, ना ओळखीचे. एकाचंही वकीलपत्र नव्हतं. तरी कोर्टाने याचिका ऐकली. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने कैद्यांना सोडण्याचे आदेश दिले आणि खटला लवकर चालणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे स्पष्ट केलं. या केसमुळे पुढे सुमारे ४० हजार अंडरट्रायल सुटले, असं सांगितलं जातं. केसला नाव मिळालं ते त्या तुरुंगातल्याच एका बाईचं.

आयोगाचं कामही चालूच होतं. त्याच्या तिसऱ्या अहवालात तर म्हटलंय की जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. आणि हे लिहिणाऱ्यांत एक जण स्वतः पोलीस होता, बरं का!

रुस्तमजींना १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००३ मध्ये मुंबईत ते गेले. आयोगाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षं पडूनच होते. त्यातल्या काही शिफारशींची अंमलबजावणी करा, असा आदेश सुप्रीम कोर्टाला राज्यांना द्यावा लागला, तोपर्यंत २००६ साल उजाडलं होतं.