अरुण खेतरपाल : एकविसाव्या वर्षी अमर झालेला पुण्यात जन्मलेला परमवीर



डिसेंबर महिना आला की शाळेत १९७१ च्या युद्धाचा विषय निघतो. १६ डिसेंबर हा विजय दिवस. त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, हे मुलांना पाठ असतं. पण त्याच दिवशी सकाळी पश्चिमेकडच्या आघाडीवर एक एकवीस वर्षांचा मुलगा रणगाड्यात लढता लढता गेला, हे फार थोड्यांना माहीत असतं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे त्याचं नाव. आपल्या बारावीच्या मुलांपेक्षा तो जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा होता. म्हणून पूर्ण आदर मनात ठेवून मी त्याला इथे अरुणच म्हणणार आहे.

जन्म आणि बालपण

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी आपल्या पुण्यात झाला. वडील एम. एल. खेतरपाल लष्कराच्या इंजिनिअर विभागात अधिकारी होते, पुढे ते ब्रिगेडियर झाले. आईचं नाव माहेश्वरी. धाकटा भाऊ मुकेश. हे कुटुंब मूळचं सरगोध्याचं. फाळणीनंतर सरगोधा पाकिस्तानात गेलं आणि खेतरपाल कुटुंबाला गाव, घर सगळं सोडून इकडे यावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

घरात फौजेची परंपरा होती. आजोबा पहिल्या महायुद्धात लढले होते. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलांच्या शाळा बदलत राहिल्या. शेवटी अरुणला सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये घातलं. अभ्यासात बरा, पोहण्यात तरबेज आणि वाद्य वाजवण्याची आवड असलेला हा मुलगा होता. म्हणजे आपल्या वर्गात दिसतात ना, तसाच एक हसतमुख, चळवळ्या पोरगा.

खडकवासला ते पूना हॉर्स

१९६७ मध्ये अरुण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत दाखल झाला. तिथे तो फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनमध्ये होता. मग डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीतलं प्रशिक्षण झालं आणि १३ जून १९७१ रोजी तो १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. हीच ती रेजिमेंट, जिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना १९६५ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं होतं.

नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. अरुण अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होता. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि सगळ्यांना आपापल्या तुकडीत परत बोलावलं गेलं.

घरचा निरोप

जाता जाता तो दिल्लीला घरी डोकावला. सामानात त्याने समारंभाचा निळा गणवेश आणि गोल्फच्या काठ्याही घेतल्या होत्या. भावाने आश्चर्याने विचारलं, तेव्हा लाहोरला गोल्फ खेळायचं आहे आणि विजयानंतर मेजवानी होईल तेव्हा नीट कपडे हवेतच, असं त्याचं उत्तर होतं. एकविसाव्या वर्षी मरणाचा विचार कोण करतो?

आईने मात्र त्याला आठवण करून दिली, की आजोबा लढले, वडील लढले, तूही वाघासारखा लढ, पाठ दाखवून परत येऊ नकोस. हा प्रसंग सांगितला की वर्गात टाळ्या पडतात. पण मी इथे थोडं थांबते. ती माउली हे बोलली तेव्हा तिच्या पोटात काय कालवलं असेल, याचाही विचार मुलांनी करावा असं मला वाटतं.

बसंतरची लढाई

शकरगढ भागात बसंतर नावाची नदी आहे. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने ती ओलांडून पलीकडे ठाणं मांडलं. मागून रणगाडे यायचे होते, पण वाटेत शत्रूने भूसुरुंग पेरून ठेवले होते. इंजिनिअर जवान ते काढत होते, काम अर्धंच झालं होतं. इतक्यात पलीकडे शत्रूचे रणगाडे जमत असल्याची खबर आली. वाट पाहिली असती तर पुढे गेलेलं पायदळ चिरडलं गेलं असतं. म्हणून पूना हॉर्सने सुरुंग पूर्ण निघायच्या आतच रणगाडे त्या पट्ट्यातून पुढे घातले.

१६ डिसेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास जरपाल गावाजवळ पाकिस्तानच्या १३ लान्सर्सने धुराचा पडदा करून जोरदार हल्ला चढवला. आपल्या तिथल्या तुकडीने मदत मागितली. अरुण दुसऱ्या तुकडीत होता. हाक ऐकताच तो आपले रणगाडे घेऊन निघाला. वाटेत शत्रूची ठाणी लागली, ती मोडत तो पुढे गेला.

त्यानंतर तुंबळ लढाई झाली. त्या जागी आपले तीनच रणगाडे उरले होते. एकातले अधिकारी जखमी झाले, दुसऱ्याची तोफ अडकली. अरुणच्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. त्यालाही गोळा लागला, आग लागली, अरुण गंभीर जखमी झाला. रणगाडा सोडून बाहेर पड, असा वायरलेसवर हुकूम आला. पण आपण हटलो तर इथूनच शत्रू आत घुसणार, हे त्याला समोर दिसत होतं. आपली तोफ अजून चालते आहे, तोवर आपण जाणार नाही, असं कळवून तो लढत राहिला. त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांतले चार अरुणचे. मग आणखी एक गोळा आला आणि अरुण गेला. शत्रूला मात्र तिथून पुढे सरकता आलं नाही.

रणगाड्यात तो एकटा नव्हता, हेही मुलांना जरूर सांगावं. वायरलेस सांभाळणारे सवार नंदसिंग त्याच लढाईत शहीद झाले. चालक प्रयागसिंग आणि तोफची नथ्थूसिंग वाचले. एका नावामागे अशी कितीतरी नावं असतात.

घरच्यांचं युद्ध

१७ डिसेंबरला युद्धविराम झाला. दिल्लीच्या घरात आनंद होता, आता अरुण येणार म्हणून तयारी चालली होती. आणि आली ती तार. तोवर तिकडे सांब्याजवळ त्याच्यावर अंत्यसंस्कारही होऊन गेले होते. घरी आल्या त्या अस्थी. अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तोवरच्या परमवीरांत तो सर्वात लहान. पण पदक भिंतीवर लागलं म्हणून जेवणाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची भरत नाही.

तीस वर्षं गेली. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ब्रिगेडियर खेतरपाल आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला तो तिथल्या निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. घरच्या सगळ्यांनी अगदी मनापासून केलं. शेवटच्या रात्री मात्र नासेर यांनी मनातलं ओझं उतरवलं. बसंतरला अरुणच्या समोर १३ लान्सर्सचे मेजर म्हणून तेच होते आणि अरुण त्यांच्याच हातून गेला होता. तो किती शौर्याने लढला, हेही त्यांनी त्या बापाला सांगितलं.

समोर मुलाला मारणारा माणूस, आणि आपण त्याच्याच घरी तीन दिवस जेवलेलो! काय वाटलं असेल त्या वृद्ध बापाला? पण ते स्वतः सैनिक होते. दोघंही आपापलं कर्तव्य करत होते, हे त्यांना कळत होतं. त्यांनी रागाने पाठ फिरवली नाही. दुःख मात्र शेवटपर्यंत त्यांचंच राहिलं.

समारोप

आज एनडीएच्या संचलन मैदानाला खेतरपाल यांचं नाव आहे. पण आपण मुलांना हे चरित्र सांगताना चार रणगाडे फोडले, इथेच थांबू नये. एका मुलाने आपली जागा सोडली नाही, म्हणून मागची कितीतरी मुलं आपापल्या आईकडे परत गेली. आणि त्याची किंमत त्याच्या आई-वडिलांनी, भावाने आयुष्यभर मोजली. शौर्याचा अभिमान आणि या किमतीची जाणीव, दोन्ही मुलांपर्यंत पोहोचलं तरच हा पाठ पूर्ण झाला.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. सुरुंग पूर्ण निघायच्या आतच रणगाडे पुढे नेण्याचा निर्णय का घ्यावा लागला?
२. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला तेव्हा अरुणने काय विचार केला असेल?
३. लाहोरच्या त्या रात्री तुम्ही अरुणच्या वडिलांच्या जागी असता तर काय केलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांना घरी नेऊ द्या, आई-बाबांशी बोलू द्या.

जय हिंद!