ब्लरमागचा गाउस

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कॉन्व्हेंटवाला आहे. माझ्या मराठीत इंग्रजी शब्द घुसणारच, सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने फोटो ब्लर करायचा कोड लिहिला. रन केला, मेसमध्ये जेवून आलो, तरी तो चालूच! शेवटी एका सीनियरने ओपनसीव्ही लायब्ररीतलं गाउसियन ब्लर दाखवलं. एका ओळीत, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते. फिजिक्समध्ये गाउस, मॅथ्समध्ये गाउस, आता इथेही गाउस! म्हटलं, बघू तरी हा माणूस कोण होता.

कार्ल फ्रीडरिश गाउस जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात १७७७ साली जन्मला. घरची गरिबी, वडील गवंडीकाम, बागकाम असं मिळेल ते करायचे. आईला जेमतेम वाचता यायचं, लिहिता येत नव्हतं. मुलाची जन्मतारीख तिने कुठे नोंदवली नाही. एवढंच लक्षात ठेवलं की तो बुधवारी झाला, असेन्शनच्या सणाच्या आठ दिवस आधी. हा सण ईस्टरवर ठरतो आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. गाउसने मोठेपणी कुठल्याही वर्षाचा ईस्टर काढायची रीतच शोधली आणि तिच्यावरून स्वतःचा वाढदिवस काढला, ३० एप्रिल. (आपण वाढदिवस केकसाठी लक्षात ठेवतो!)

शाळेत एक ते शंभरची बेरीज त्याने क्षणात ५०५० सांगितली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या हुशारीची बातमी तिथल्या ड्यूकपर्यंत गेली आणि स्कॉलरशिप मिळाली. नाहीतर बापाने त्याला कामालाच लावलं असतं. १७९६ मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आत, त्याने फक्त पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंची नियमित आकृती काढता येते हे सिद्ध केलं. दोन हजार वर्षं ते कुणाला जमलं नव्हतं. आपण त्या वयात ड्रॉइंगच्या शीट ट्रेस करत होतो.

खरा गाजला तो १८०१ मध्ये. १ जानेवारीला पियात्सी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा छोटा ग्रह दिसला. चाळीसेक दिवसांनी तो सूर्याच्या उजेडात हरवला. एवढ्याशा रीडिंगवरून तो पुन्हा कुठे दिसेल हे गाउसने काढलं आणि वर्षाच्या शेवटी सेरेस तिथेच जवळपास सापडला. रीडिंगमध्ये चुका असतातच. छोट्या चुका जास्त, मोठ्या चुका कमी. याचा आलेख म्हणजे घंटेच्या आकाराची ती प्रसिद्ध वक्ररेषा. ती द म्वाव्रला १७३३ मध्येच सापडली होती, पण चुकांशी तिचं नातं गाउसने १८०९ च्या पुस्तकात मांडलं. त्यातच लीस्ट स्क्वेअर्स आलं. लिजाँद्रने ते १८०५ मध्येच छापलं होतं. गाउस म्हणाला, मी तर १७९५ पासून वापरतोय. लिजाँद्र भयंकर चिडला. मी लिजाँद्रच्या बाजूने. जर्नल वेळेवर सबमिट करतो त्याला मार्क!

पण त्याच १८०९ च्या ऑक्टोबरमध्ये गाउसची बायको योहाना बाळंतपणानंतर गेली. काही महिन्यांत ते बाळही गेलं. तिच्यासाठी त्याने लिहिलेला एक शोकाचा कागद पुढे त्याच्या कागदांत सापडला. १८१० मध्ये त्याने तिच्याच मैत्रिणीशी लग्न केलं, मुलंही झाली, पण तो पुन्हा पहिल्यासारखा हसरा झाला नाही म्हणतात. म्हातारी आई मात्र शेवटची बावीस वर्षं गटिंगेनच्या वेधशाळेत त्याच्याजवळच राहिली.

आता ब्लरकडे येऊ. प्रत्येक पिक्सेलच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी घ्यायची. जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, म्हणजे तीच घंटा. ६१ बाय ६१ ची चौकट घेतली तर एका पिक्सेलला ३७२१ गुणाकार. आमचा कोड इथेच मेला. पण गाउसची घंटा आडवी आणि उभी वेगळी करता येते. आधी आडवं ब्लर, मग उभं, की १२२ गुणाकारांत भागतं. त्याहून पुढची युक्ती म्हणजे साधी सरासरी तीनदा लागोपाठ घ्यायची, जवळपास घंटाच मिळते. साधी सरासरी सरकवताना पुढचा पिक्सेल मिळवा, मागचा वजा करा, बस्स. चौकट कितीही मोठी असो, काम तेवढंच. आमचा कोड मग तसाच सुधारला, आता जेवायला जायला वेळ मिळत नाही.

गाउसची एक सवय मात्र मला पटत नाही. पूर्ण पक्कं झाल्याशिवाय तो काही छापायचाच नाही. १८३२ मध्ये जुन्या मित्राच्या मुलाची, यानोश बोयाईची, नवी भूमिती वाचून त्याने कळवलं की हे आपल्याला कधीचंच सुचलं होतं. ते खरंही होतं. पण तो तरुण जो दुखावला, तो कायमचा.

२३ फेब्रुवारी १८५५ ला गाउस झोपेतच गेला. मग त्याचे कागद बाहेर निघाले. ग्रहांच्या कक्षांसाठी १८०५ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेली एक रीत १८६६ मध्ये छापली गेली आणि तशीच पडून राहिली. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी तीच स्वतंत्रपणे शोधली. तिला आपण एफएफटी म्हणतो. मोठ्या चौकटीचं ब्लर तिनेही झटपट होतं, आणि पाचव्या सेमिस्टरला तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास असतो.