डॉ. हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना अनेकांना हे नाव एखाद्या इंग्रज साहेबाचे वाटते. वाल्डेमार हाफकिन इंग्रज नव्हते. त्यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला. ग्रँट मेडिकल कॉलेजात, हाताशी मोजकी माणसे घेऊन, हाफकिन यांनी काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी पुढे आले.

खरी कसोटी नंतर लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने गेले, आणि या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली असे ठरवून हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

अंग धनुष्यासारखे ताणले जाते, म्हणून धनुर्वात. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. धडधाकट कातडीवर ते पडले तरी काही होत नाही. पण जखमेतून वा सुईवाटे आत खोल, जिथे हवा पोचत नाही तिथे गेले, की ते वाढतात आणि विष सोडतात. मुलकोवालला बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली उघडली तेव्हा घाण वासही आला नव्हता. जंतू आत आधीपासून वाढत असते, तर तो आलाच असता.

एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षे लागली! मलेरियाचा डास शोधणारे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी वृत्तपत्रांतून हाफकिन यांची बाजू लावून धरली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि कलकत्त्यात कामावर परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते हिंदुस्थानात नव्हते.