घाटमाथ्याचे राखणदार राघोजी भांगरे

आळे गावाची ओळख ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदविलेल्या रेड्याच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला आहे. गावावरून ओतूरमार्गे पश्चिमेस माळशेज घाटाकडे निघाले म्हणजे खिरेश्वर लागते आणि त्याच्या माथ्यावर सुमारे १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड उभा आहे. ज्या चांगदेवांची व माउलींची भेट सर्वांना ठाऊक आहे, त्या चांगदेवांनी याच गडावर तप केले व तत्त्वसार हा ग्रंथ लिहिला. गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराचे पाण्यातील लिंग आणि साधूंच्या राहण्याच्या गुहा आजही तेथे आहेत. म्हणजे हा गड एकाच वेळी मठ होता, देवस्थान होते आणि घाटावर नजर ठेवण्याचे ठाणेही होते.

अशा गडांची व घाटवाटांची राखण पिढ्यान् पिढ्या महादेव कोळी समाजाकडे होती. बावन मावळांचे नाईक आपापल्या खोऱ्याचा बंदोबस्त ठेवीत आणि त्याबद्दल त्यांना हक्क व नेमणुका मिळत. सत्ता निजामशाहीची असो, मोगलांची असो की पेशव्यांची, डोंगर यांच्यावाचून सांभाळता येत नाही हे प्रत्येकाला मान्य करावे लागले. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळी बांधवांची जेथे कत्तल झाली, तो शिवनेरीवरील चौथरा जुन्नरकरांना परिचित आहे.

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. इंग्रज हुशार. देवळांना त्यांनी हात लावला नाही, पण गडांच्या वाटा व तटबंदी सुरुंग लावून मोडली. हरिश्चंद्रगडही त्यातून सुटला नाही. गड निकामी झाला तशी गडावरील शिबंदीही निकामी ठरली. कोणाची नेमणूक बंद झाली, कोणाचा हक्क चौकशीत अडकला, कोणाला पोलिसात घेतले व खर्च जास्त होतो म्हणून पुन्हा कमी केले. कागदावर ही काटकसर होती. डोंगरातल्या घरात मात्र त्या दिवसापासून चूल पेटेनाशी झाली.

राघोजींचा जन्म या पडत्या काळाच्या थोडा आधी, इ. स. १८०५ च्या सुमारास, अकोले तालुक्यातील देवगाव येथे झाला. वडील रामजी भांगरे हे नावाजलेले नाईक. इंग्रजांविरुद्धच्या पहिल्या उठावात त्यांचा भाग होता. त्याच सुमाराचे दुसरे पुढारी रामा किरवा यांना पकडून अहमदनगर येथे फाशी देण्यात आले. तरुण राघोजींनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले. वडिलांमागे मिळावयाची जमादारी राघोजींना न देता दुसऱ्याला देण्यात आली व तेथून त्यांचे मन सरकारवरून उडाले, असे त्या भागात सांगतात. परंतु एका जमादारीसाठी सारा डोंगर पेटत नाही. खरे कारण त्याहून खोल होते.

पूर्वी पीक बुडाले तर वसुलीत सूट मिळे, धान्यरूपानेही देणे भागे. इंग्रजी अमलात सारा रोख व ठरल्या तारखेला भरणे आले. डोंगरात नाचणी, वरई पिकते, रोकड पिकत नाही. तेव्हा सावकाराकडे जाणे भाग पडे. सावकार रोख्यावर अंगठा घेई. त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्यास वाचता येत नसे. व्याज मुदलात मिसळून नवा रोखा होई. पूर्वी सावकाराला गावाची भीड धरावी लागे, कारण वसुली गावाच्या हातात होती. आता तो कोर्टात जाई, हुकूमनामा आणी आणि सरकारी शिपाई बरोबर घेऊन बैलजोडी, भांडी, शेवटी जमीन जप्त करी. ज्या हातांनी गड राखले त्यांनाच आपल्या शेतावर सालगडी होण्याची पाळी आली.

राघोजी व त्यांचे बंधू बापू यांनी १८३८ च्या पुढे माणसे जमविण्यास सुरुवात केली. शस्त्रे म्हणजे तलवारी, भाले व थोड्या बंदुका. खरे बळ वाटांच्या माहितीचे होते. कोणत्या कड्याला दोर लागतो, कोणत्या गुहेत उन्हाळ्यात पाणी राहते, कोणत्या वाडीत भाकरी मिळते हे त्यांना पाठ होते. सरकारी पलटण घाट चढून येईपर्यंत ही मंडळी कोकणात उतरलेली असत. एका चकमकीत तर पोलिसांचा देशी अंमलदार व दहा शिपाई ठार झाले.

सन १८४५ च्या आरंभी उठावाने जोर धरला. नाशिक, नगर, ठाणे व पुणे या चारही जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत त्याची झळ पोहोचली. राघोजींचे लोक सावकाराच्या घरी गेले की आधी रोखे व वह्या मागत. काही सावकारांची नाके कापण्यात आली. ही गोष्ट क्रूर होती व ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र सरकारी दप्तरात हे कृत्य ठळक नोंदले गेले आणि त्याच सावकाराने बुडविलेली घरे नोंदली गेली नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. भयभीत सावकार खेडी सोडून मोठ्या गावांच्या आश्रयास गेले. दक्षिणेकडे पुरंदर भागात उमाजी नाईकांच्या मुलांनीही याच सुमारास उचल खाल्ली, त्यामुळे सरकारची धावपळ वाढली.

जुन्नर भागात फौज व पोलीस आणून बंदोबस्त करण्यात आला. ऑगस्ट १८४५ मध्ये लेफ्टनंट गेल याने बापूंना पकडले. भाऊ गेला, साथीदार एकेक करून सापडू लागले, बक्षिसाच्या आशेने जवळचेही फिरले. वाड्यावाड्यांतून घरच्या माणसांचा छळ झाल्याच्या आठवणी पुढे दीर्घकाळ सांगितल्या जात. राघोजी मात्र हाती लागले नाहीत. बंड मोडल्यावर त्यांनी गोसाव्याची वस्त्रे धारण केली व तीर्थक्षेत्रे फिरू लागले असे सांगतात. गड मोडले होते, पण देवाची वाट कोणी बंद केली नव्हती. यात्रेकरूंच्या गर्दीत एका गोसाव्याला कोण विचारणार? जवळजवळ अडीच वर्षे ते असे निसटत राहिले.

अखेर २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात गेल, जो तोवर कॅप्टन झाला होता, त्याने त्यांना पकडले. विठ्ठलाच्या दारातून त्यांना ठाण्यास नेण्यात आले. तेथे खटला चालला व २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

पुढची हकीकत मोठी विचार करण्यासारखी आहे. अवघ्या दहा वर्षांत, सत्तावन्नच्या धामधुमीत, त्याच सरकारला त्याच कोळी समाजाची गरज पडली. कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली जुन्नर, अकोले व नाशिक भागांतील सहाशे जणांचे दल उभारले गेले आणि काम संपताच १८६१ मध्ये मोडले गेले. पुन्हा तीच काटकसर! सन १८७३ मध्ये आंबेगाव भागातील जांभोरीचे होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठले. त्यांना पकडण्यास सरकारला १८७६ उजाडले. त्यानंतर १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत कायदा केला आणि सावकाराच्या रोख्याची शहानिशा करण्याचा अधिकार कोर्टाला दिला. राघोजींना जाऊन तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.

देवगावाजवळ प्रवरा नदीवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. धरणाला विल्सन व जलाशयाला आर्थर अशी इंग्रज अधिकाऱ्यांची नावे देण्यात आली होती. आता त्या जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव आहे.